पेपर तपासणाऱ्याचं रसग्रहण

कालिदासाने उज्जैनमध्ये परीक्षा दिली होती. ही माझी थाप नव्हे, राजशेखराने दिलेली बातमी आहे. इसवी सन ९००च्या आसपास कनोजच्या दरबारात बसून त्याने ‘काव्यमीमांसा’ लिहिली आणि तिच्या दहाव्या अध्यायात, ‘असं ऐकिवात आहे’ अशी पत्रकाराला शोभेल ती पळवाट ठेवून सांगून टाकलं, की शास्त्रकारांची परीक्षा पाटलीपुत्रात होत असे आणि कवींची उज्जयिनीत. पाटलीपुत्राच्या यादीत पाणिनी आणि पतंजली. आमच्या यादीत कालिदास, मेंठ, भारवी, हरिचंद्र आणि आणखी काही मंडळी. पास होणाऱ्याला ब्रह्मरथात बसवून मिरवावं आणि डोक्याला पट्ट बांधावा, असंही तो लिहितो.

गुण कुणाला किती पडले, ते मात्र सांगत नाही. पहिला कोण, दुसरा कोण, काही नाही. यावरून राजशेखराने कधी कोचिंग क्लास चालवला नव्हता, एवढं नक्की. आज आमच्या उज्जैनच्या फ्रीगंजात असता तर टावर चौकात कालिदासाचा दहा फुटी फोटो लागला असता, ‘आमचाच विद्यार्थी’ म्हणून. आणि समोरच्या क्लासच्या फलकावरही तोच फोटो, तोच दावा.

तरी राजशेखर आपला माणूस. त्याचा पणजोबा अकालजलद ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणवला जाई. बायकोचं नाव अवंतीसुंदरी. ती चाहमान घराण्यातली होती असं जाणकार सांगतात, पण नावातच अवंती आहे म्हटल्यावर आम्ही त्याला उज्जैनचा जावई ठरवून टाकलेलं आहे. शिवाय तो आपल्या ग्रंथात बायकोची मतं तिच्या नावानिशी, मान देऊन नोंदवतो. आमचे इतर जावई एवढंही करत नाहीत.

या परीक्षेची परंपरा मी सध्या एका उसन्या सभागृहात दर रविवारी सकाळी चालवतो. म्हणजे उज्जैनच्या मराठी घरांतल्या मुलांना निबंध शिकवतो. ही घरं शिंद्यांबरोबर आली. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचं देऊळ नव्याने उभं केलं. पुढे १८१०मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली. ज्यांचं सामान बांधून झालं ते गेले, ज्यांचं झालं नाही ते अजून सिंहपुरीत आणि कार्तिक चौकात आहेत. त्यांची पोरं शाळेत हिंदी किंवा इंग्रजी बोलतात, आपसात जे काही बोलतात ते बोलतात आणि आजीशी मराठी. ‘सर, मला निबंध नाही जमून राहिला,’ हे त्यांचं पहिलं वाक्य असतं. त्यातलं ‘जमून राहिला’ मी दुरुस्त करत नाही. पुण्याहून आलेले पाहुणे करतात, तेवढं पुरे.

वर्ग कशासाठी? तर २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिनाची निबंध आणि रसग्रहण स्पर्धा असते. तिची तयारी. पहिल्या रविवारी मी निबंधाचे प्रकार फळ्यावर लिहिले : वर्णनात्मक, वैचारिक, कल्पनाप्रधान, आत्मवृत्त. फरक कोण सांगेल, असं विचारताच आठवीतल्या एका मुलाने हात वर केला आणि जे सांगितलं ते मी आजवर कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. ‘सर, वर्णनात्मकमध्ये पहिल्या ओळीत सूर्य उगवतो. वैचारिकमध्ये पहिल्या ओळीत “आजच्या धावपळीच्या जगात” येतं. कल्पनाप्रधानमध्ये शेवटी आई हाक मारते आणि आपण जागे होतो. आणि आत्मवृत्तात शेवटी आपल्याला भंगारात टाकतात.’

मी क्षणभर फाटकी छत्री, जुनं पुस्तक, मोडकी सायकल, म्हातारा बैल असे सगळे आठवून पाहिले. पोरगा बरोबर होता. सगळे शेवटी अडगळीतच गेलेले.

आमच्याकडे आणखी एक भानगड आहे. इथल्या शाळांतल्या हिंदीच्या पेपरात निबंध ‘रूपरेखेसह’ मागतात. प्रस्तावना, महत्त्व, लाभ, हानी, उपसंहार. पर्यावरण असो की मोबाइल, ही पंचपदी ठरलेली. ती सवय मराठीत येते. पाचवीतल्या एकाने ‘माझी आजी’ हा निबंध याच रूपरेखेवर रचला. प्रस्तावना : आजी म्हणजे बाबांची आई. महत्त्व : आजी नसती तर बाबा नसते. लाभ : पैसे देते. हानी : टीव्हीचा रिमोट तिच्याकडे असतो. उपसंहार : म्हणून प्रत्येकाने आजीचा योग्य प्रमाणात वापर करावा.

मी त्याला दहापैकी साडेआठ दिले. दीड गुण उपसंहाराचा कापला, आणि तोही समोर आजी बसल्या होत्या म्हणून.

एकदा मला वाटलं, हे सगळे नियम कालिदासाला लावून बघावेत. ‘मेघदूत’ घ्या. विषय : विरही यक्षाचा बायकोला निरोप. रामगिरीहून, म्हणजे बहुतेक आपल्या रामटेकहून, निघायचं आणि उत्तरेला हिमालयातल्या अलकेला पोचायचं. ढगाने विदिशेपर्यंत यावं आणि सरळ वर निघून जावं, पत्ता एवढा सोपा. पण यक्ष ढगाला म्हणतो, वाट वाकडी होईल खरी, तरी उज्जयिनीवरून जा. पश्चिमेला. मग तिथले वाडे, तिथल्या बायकांचे डोळे, क्षिप्रेवरचा वारा, महाकालाची संध्याकाळची पूजा, त्या वेळी कसं गर्जायचं याच्या सूचना. एवढा वेळ निरोप खोळंबलेला. आजच्या कुठल्याही तपासनिसाने समासात लाल शाईने ‘विषयांतर’ लिहिलं असतं. आम्ही उज्जैनकर मात्र विषयांतराबद्दल कुणालाही बोलू शकत नाही. आमच्या गावाची सगळी कीर्ती एका विषयांतरावर उभी आहे.

लाल शाई तर खरोखरच चालली. भामह नावाच्या साहित्यशास्त्र्याने स्पष्ट लिहून ठेवलंय, की ढग, वारा, चंद्र, भुंगे यांना दूत म्हणून पाठवणं हा काव्यदोष आहे. ज्यांना बोलता येत नाही ते निरोप कसला सांगणार? या दोषाचं नाव ‘अयुक्तिमत्’. कालिदासाचं नाव तो घेत नाही, पण शाळेत ‘काही मुलं वर्गात बोलतात’ असं बाई म्हणाल्या की कुणाबद्दल ते सगळ्यांना कळतं, तसं ते कळतं. पुढे भामह थोडा नरमतो. उत्कंठेने वेड्यासारखा कुणी बोलत असेल तर असू द्या म्हणतो. म्हणजे अर्धा गुण सहानुभूतीचा.

भारवीचं काय झालं असेल, कल्पना करवत नाही. ‘किरातार्जुनीया’च्या पंधराव्या सर्गात त्याचा एक श्लोक जवळजवळ सबंध एकट्या ‘न’ या व्यंजनावर उभा आहे. केंद्रीय मूल्यांकनाच्या हॉलमध्ये दुपारी तीन वाजता, पंख्याखाली, गठ्ठ्यातला पन्नासावा पेपर म्हणून तो हाती आला, तर तपासनीस एवढंच म्हणेल : पोराचं पेन अडकलंय. आणि पुढच्या पानावर जाईल.

अगदी अलीकडचं सांगायचं तर गजानन माधव मुक्तिबोध १९३० साली याच उज्जैनमध्ये मिडलच्या परीक्षेत नापास झाले. वडील पोलीस खात्यात, घरात मराठी. पुढे त्यांनी हिंदी कविता इतकी लांब केली की ‘शब्दमर्यादा’ हा शब्द तिच्या आसपास फिरकला नाही. धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मराठीत लिहिलं आणि पहिल्या कादंबरीचं नाव ठेवलं ‘क्षिप्रा’. मी हा दाखला वर्गात दिला. हेतू धीर देण्याचा होता. दुसऱ्या रविवारी एका आईचा फोन आला, ‘सर, नापास झालं की मोठा कवी होतो असं तुम्ही सांगितलं का? तो सहामाहीचा निकाल दाखवून हेच म्हणून राहिलाय.’

पण मुलांना काही शिकवायचं राहिलंय असं मला वाटत होतं, आणि शिकायचं माझंच राहिलेलं निघालं. रसग्रहण म्हणजे काय हे मी समजावत होतो. आशय बघा, भाषा बघा, कवीने काय युक्ती केली ते बघा, ती आपल्यावर कशी चालली ते बघा. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘सर, पेपर कोण तपासणार आहे?’

‘त्याचा काय संबंध?’

‘मॅडम असतील तर “माझी आई” घ्यायचं. सर असतील तर “शेतकऱ्याचे मनोगत”. रिटायर्ड सर असतील तर “मोबाइल : शाप की वरदान”, आणि शाप म्हणायचं. तरुण सर असतील तर दोन्ही बाजू लिहायच्या. कुणी साहित्यिक असतील तर सर, मग पाऊस.’

सगळा वर्ग मान हलवत होता. हे सर्वांना ठाऊक होतं, मीच एकटा मागे होतो. माझ्याबद्दलही त्यांचा अभ्यास पुरा झालेला. ‘तुम्हाला मध्येच जुनं काही घातलं की आवडतं,’ असं तिने शांतपणे सांगितलं. मग माझ्या ध्यानात आलं, गेल्या महिन्यात ‘माझा आवडता खेळ’मध्ये भर्तृहरीची गुंफा का आली होती. चेंडू तिकडे गेला होता म्हणे.

राजशेखराने वाचकांचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतले दोन आधी मंगल नावाच्या आचार्याने सांगितलेले, दोन याने वाढवले. पहिला अरोचकी, त्याला काहीच रुचत नाही. दुसरा सतृणाभ्यवहारी, म्हणजे धान्याबरोबर गवतही खाणारा, त्याला सगळंच ‘वा वा’. तिसरा मत्सरी. चौथा तत्त्वाभिनिवेशी, मर्म ओळखणारा, तो हजारांत एखादा. मी हे फळ्यावर लिहिलं मात्र, पोरांनी जी वही काढली तशी आजवर कधी काढली नव्हती. पाच मिनिटांत शाळेतल्या सगळ्या शिक्षकांची चार रकान्यांत वाटणी झाली. गणिताचे सर अरोचकीत. चित्रकलेच्या मॅडम गवतात. मत्सरीत कुणाला टाकलं ते मी पुसायला लावलं. चौथा रकाना रिकामा होता. मी जरा घुटमळलो, पण कुणी माझं नाव सुचवलं नाही.

आता चोरीचं. मुलं गाईडमधून उतरवतात ही तक्रार सनातन आहे. एकाच दिवशी सहा मुलांच्या आया पहाटे पाचला उठतात, सडा घालतात आणि ‘स्वतः उपाशी राहून मला घास भरवतात’. त्यांतल्या तीन आया मला माहीत आहेत. एक दवाखान्यात रात्रपाळी करते, पहाटे पाचला ती घरीच नसते. इथेही राजशेखर पाठीशी उभा आहे. चोरी न करणारा कवी नाही आणि चोरी न करणारा व्यापारीही नाही, ज्याला लपवता येतं तो सुखात राहतो, अशा अर्थाचं त्याने बिनदिक्कत लिहून ठेवलंय. आणि मग शांतपणे चोरीचे प्रकार पाडलेत. प्रतिबिंबकल्प : अर्थ जसाच्या तसा, फक्त शब्द फिरवलेले. आलेख्यप्रख्य : थोडे रंग भरून वेगळं भासवलेलं. तुल्यदेहितुल्य : जुळ्या भावासारखं, वेगळं पण सारखं. आणि परपुरप्रवेश : मूळ गाभा एकच, अंगावरचं बाकी सगळं नवं. पहिला प्रकार टाकाऊ. पुढचे चढत्या भाजणीने बरे.

हे समजावताना मी फार कडक झालो होतो. तेव्हा क्षिप्रेवर आत्मवृत्त लिहिणाऱ्या एका मुलाची वही हाती आली. नेहमीसारखी ‘मी क्षिप्रा बोलतेय’ अशीच सुरुवात. रामघाट, सिंहस्थ, दिवे. आणि मध्येच हे : ‘लोक मला पवित्र म्हणून आंघोळ करतात. पण २०१४पासून माझ्यात पाइपाने नर्मदेचं पाणी सोडतात. नर्मदा खाली आहे, मी वर आहे, म्हणून पंपाने चढवतात. त्याचं वीजबिल येतं. आंघोळ करणारे “जय क्षिप्रा मैया” म्हणतात, तेव्हा मी गप्प बसते.’

मी त्याला जवळ बोलावलं. ‘हे कुठून घेतलंस?’

‘बाबा पाणीपुरवठ्यात आहेत.’

‘गाईडमध्ये नव्हतं?’

‘सुरुवात गाईडमधली आहे सर. पण नदीपण तर उसनीच आहे ना.’

परपुरप्रवेशाचं इतकं नेमकं उदाहरण राजशेखरालाही मिळालं नव्हतं. पुढे नदी सांगते, की नर्मदेने एकदाही उपकार बोलून दाखवले नाहीत, फक्त उन्हाळ्यात पंप बंद पडला की तिची आठवण येते. शेवटी भंगारात टाकलेलं नाही. पाणी संपल्यामुळे निबंध संपतो.

रसग्रहणासाठी मग मी कविता बाजूला ठेवली. म्हटलं, घरात, बाजारात, रिक्षात कुणीतरी कुणाला काहीतरी पटवत असतं. ते ऐका, लिहून आणा आणि अलंकार ओळखा. गोपाळ मंदिराच्या छत्री चौकात साड्या विकणारे, महाकालाच्या रस्त्यावर ‘दर्शन झालं का, चला लवकर करून देतो’ म्हणणारे, ‘पैसे द्या मनाला येतील ते’ म्हणून मग मनात काय यायला हवं तेही सांगणारे रिक्षावाले. शहर याच विद्येवर जगतं. २०२२च्या ऑक्टोबरात महाकाल लोक उघडलं तेव्हापासून तर तिचा रियाज अखंड चालू आहे.

बहुतेकांनी रिक्षावालेच आणले. तपासनीस ओळखणाऱ्या त्या मुलीने मात्र आजीचा फोन आणला. समोरून बोलत होत्या पुण्याच्या वन्सं. विषय होता २०२८चा सिंहस्थ. उज्जैनच्या प्रत्येक मराठी घराला बारा वर्षांनी हा प्रसंग येतो. एरवी पत्ता विसरलेली नाती गुरू सिंहेत गेला की घराचा मजला आणि बाथरूमची संख्या विचारू लागतात. २०१६च्या सिंहस्थात त्यांच्या दोन खोल्यांत महिनाभर जे झालं ते आजी अजून आकड्यांत सांगतात, पण ते आकडे दर वेळी वाढतात म्हणून इथे देत नाही.

मुलीने आजींची वाक्यं डावीकडे आणि अलंकार उजवीकडे मांडले होते.

‘अहो वन्सं, या की! घर तुमचंच आहे.’ यापुढे तिने लिहिलं होतं : अतिशयोक्ती. घर भाड्याचं आहे.

‘गर्दी काय, गर्दीत मजा असते. मागच्या वेळी आमचे हे दानी गेटपासून चालत आले, चार तास लागले, पण मजा आली.’ : व्याजस्तुती. वरून स्तुती, आतून निंदा.

‘तुमच्या गुडघ्यांना त्रास होईल म्हणून मी मुळीच “येऊ नका” म्हणणार नाही.’ : यापुढे अलंकार लिहून खोडला होता, पुन्हा लिहून पुन्हा खोडला होता. शेवटी ‘सर सांगतील’. सरांनाही सुचलं नाही. नाही म्हणत सगळं म्हणून घेण्याला संस्कृतात आक्षेप अलंकार म्हणतात, हे मी घरी जाऊन बघितलं.

‘पाण्याचं म्हणाल तर नळाला येतं हो. दिवसाआड येतं, पण येतं.’ : स्वभावोक्ती.

‘तुमच्यासारख्या तुम्हीच, वन्सं.’ : अनन्वय. आणि कंसात, ‘हे खरं आहे.’

खाली आशयसौंदर्य म्हणून तिने लिहिलं होतं, ‘आजीला “येऊ नका” म्हणायचं आहे. तिने एकदाही म्हटलेलं नाही. आमंत्रण चार वेळा दिलं आहे. यात तिचं कौशल्य दिसतं.’

स्पर्धेत पहिला नंबर याच रसग्रहणाचा आला. परीक्षक बाहेरचे होते, कुठल्या रकान्यातले ते मुलीने आधी पाहून ठेवलं असावं. २७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमात तिने ते खणखणीत आवाजात वाचलं. आजी पहिल्या रांगेत होत्या. वाचन चालू असताना त्यांनी दोनदा पदर सारखा केला आणि संपल्यावर सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. व्हिडिओ घराण्याच्या ग्रुपवर गेला. रात्री पुण्याहून फोन आला, आणि आजींनी तो स्पीकरवर ठेवला.

‘वहिनी, ऐकलं हो सगळं. काय गुणाची पोर आहे! आम्ही आठ जण येतोय. महिनाभर राहू.’

मुलगी वही घेऊन बसलीच होती. तिने उजवा रकाना आखला आणि विचारलं, ‘आजी, हा कुठला?’

‘यात नाही गं कुठलाच,’ आजी म्हणाल्या. ‘म्हणून तर काही बोलता येईना.’